परतीचा माणूस

चौसाळा, ता. बीड
कार्तिक वद्य, सोमवार, सन २००३

तीर्थरूप बसवेश्वरदादांना,

धाकट्या मावसभावाचा, मन्मथचा, शरणार्थ. रुद्राणीवहिनींनाही सांगावा. तुमचा डावा गुडघा आता जिना चढू देतो का? वहिनींचा खोकला तिकडच्या दमट हवेत कमी होतो की वाढतो हे मला कधीच समजलं नाही, पण कमी झाला असेल असं धरून चालतो. इकडे आम्ही सर्व ठीक. तूर फुलावर आहे, दुकान चालू आहे, आणि सौ. शांतादेवीची कंबर थंडीपुरती दुखते.

तुमचं पत्र येऊन महिना झाला. बीडकडची मंडळी दीड वर्षात पणजीला का फिरकली नाहीत, तुमच्या खानावळीच्या आमटीत काही कमी पडलं का, खानावळ पुढे चालवावी का, असं तुम्ही विचारलंत. दादा, आमटीचा काहीही दोष नाही. (आमच्यातला त्रिंबक अजून तिची आठवण काढतो, तेही स्वतःच्या बायकोसमोर, आणि मग दोन दिवस हॉटेलात जेवतो.) दोष कुणाचा ते सांगतो, पण जरा लांबून यावं लागेल.

मी तुमच्याकडे सहा वर्षांत अकरा वेळा आलो, तो कशासाठी, हे वहिनींनी एकदा विचारलं होतं. तोंडात घास असल्यामुळे मला नीट सांगता आलं नाही. आमच्याकडची पाच-सहा जणांची टोळी जहाजावरच्या आणि मोठ्या हॉटेलांतल्या जुगाराला निघाली की एक न खेळणारा माणूस सोबत घ्यायची. त्याला परतीचा माणूस म्हणायचे. सगळ्यांची परतीची तिकिटं, अंगठ्या, घड्याळं, करदोडे त्याच्या पिशवीत. कुणी पाया पडला तरी त्याने पिशवी उघडायची नाही. मी पत्त्याला हात लावत नाही, सकाळ-संध्याकाळ लिंगपूजा चुकवत नाही, आणि कुणी ओरडलं तर मला ऐकू येत नाही असा चेहरा करू शकतो. म्हणून हे काम माझ्याकडे आलं. ते आत जायचे आणि मी पिशवी पोटाशी धरून मिरामारच्या वाळूत बसायचो. मुंजाजीपाटलांनी (आमचे माजी सरपंच, यांच्या बोटातली पुष्कराजाची अंगठी मी इतके दिवस सांभाळली आहे की तिचा खडा त्यांच्यापेक्षा मला जास्त ओळखतो) एकदा विचारलं, "आप्पा, दिवसभर बसून करता काय?" मी म्हणालो, बघतो. "काय बघता?"

ते बघणं कसं असतं ते तुम्हाला काय सांगावं, तुम्ही तिथेच राहता, म्हणजे तुम्हाला दिसतच नसणार. पाणी येतं, वाळूवर काहीतरी लिहायला घेतं आणि विचार बदलून परत जातं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा चाळीस वर्षांचा होतो. शाळेत गुरुजींनी फळ्यावर निळ्या खडूने समुद्र काढला होता आणि निळा खडू संपल्यामुळे तो अर्धाच राहिला होता. उरलेला असा पुढ्यात आल्यावर मी किती वेळ बसलो कुणास ठाऊक. डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन सकाळी तिथे पूजेला बसलो की लिंगाकडे बघता बघता श्वास लाटेच्या चालीने चालायला लागायचा. घरी देवासमोर बसतो तेव्हा मनात साखरेचे कट्टे येतात, किती पोती उरली ते. तिथे कट्टे येत नव्हते.

एकदा मात्र श्वास फारच चालीवर गेला. भरती चढली ती मला कळली नाही. मांडी भिजली, धोतर भिजलं, आणि शेजारी ठेवलेली पिशवी आपली आपण दोन हात पुढे गेली. अंगठ्या वाचल्या, तिकिटांचा लगदा झाला. वहिनींनी तो तव्यावर पसरून वाळवला हे तुम्हाला आठवत असेल. पुढे कोल्हापूरच्या स्टँडवर कंडक्टरने एक तिकीट उजेडात धरलं आणि म्हणाला, "हे तिकीट हाय का पापड?" मुंजाजीपाटील म्हणाले, "पापडच हाय, पर सरकारी हाय." त्याने बसू दिलं. घरी येईपर्यंत कुणी मला बोललं नाही, आणि पुढच्या वेळीही मलाच नेलं. माणसं वाईट नाहीत, दादा.

तर आता दोष. गेल्या वर्षी इथे स्टँडजवळ, जिथे एसटीडी बूथ होतं त्या गाळ्यात, ऑनलाइन लॉटरीचं सेंटर निघालं. आत थंड हवेचं मशीन, कॉम्प्युटर, आणि दर पंधरा मिनिटांनी निकाल. पहिल्या आठवड्यात सगळी टोळी आत गेली आणि अजून बाहेर आलेली नाही. मी मुंजाजीपाटलांकडे जाऊन पणजीचा विषय काढला. वारा, आमटी, सगळं सांगितलं. ते म्हणाले, "आप्पा, तिथं हारायला चौदा तास बस. हितं चप्पल बी घालावी लागत न्हाई." त्रिंबक म्हणाला, "आन तिथं हारलं तर कुत्रं इचारीत न्हाई. हितं हारलं की लोक चहा पाजतेत. लई आपुलकी हाय." मी म्हणालो, पण समुद्र? त्रिंबक म्हणाला, "सहा वर्सं गेलतो आमी. समुद्र कुटं होता तिथं?"

हे ऐकल्यावर तिसऱ्या दिवशी कपिलधारला जाऊन मन्मथस्वामींच्या समाधीपुढे उभा राहिलो आणि ते मशीन बंद पडावं म्हणून प्रार्थना केली. पायऱ्या उतरताना मला उमगलं की मी नक्की काय मागितलंय. चार संसारी माणसांनी गावात जुगार खेळू नये, लांब जाऊन खेळावा, हे मी देवाकडे मागत होतो, आणि तेही उपाशी पोटी, नारळ फोडून. परत वर जाऊन मागणं मागे घ्यावं असं वाटलं, पण शेवटची बस निघत होती. (बस चुकू नये म्हणून पाप तसंच ठेवलं, हे पत्रात लिहायला लाज वाटते, पण तुमच्याशिवाय कुणाला लिहू.) त्याच आठवड्यात गावची वीज आठ तास जायला लागली. सेंटर बंद. मी दुकानात उदबत्ती लावली आणि मनात पिशवी झटकायला घेतली. पाचव्या दिवशी सेंटरवाल्याने जनरेटर आणला. तो ठेवायला जागा एकच होती, माझ्या दुकानाची भिंत. आता विभूतीच्या पुड्या फळीवरून एकेक करून खाली उडी मारतात आणि गिऱ्हाईक हळद मागतं तेव्हा मी त्याला हरभरा देतो.

आणि यावर कळस म्हणजे मुंजाजीपाटलांच्या घरच्या छबुबाई गेल्या महिन्यात दुकानात आल्या. म्हणाल्या, "आप्पा, गोव्याहून माघारी आणायचे तुमी. मग साठ पावलांवरून आणायला काय होतंय? जेवण निवतं रोज." तेव्हापासून मी रोज दिवेलागणीला सेंटरच्या पायरीवर बसतो आणि जेवणवेळ झाली की एकेकाचं नाव घेतो. ते येतात. अंगठ्या त्यांच्या त्यांच्या बोटात असतात. पायरीसमोर हायवे आहे. सोलापूरकडचे ट्रक येतात, एक मोठा होत जाणारा आवाज, मग गेलेला आवाज, मग थोडा वेळ काहीच नाही. डोळे अर्धे मिटले तर जमतं. परवा तसा बसलो असताना मी पाय वर घेतले, लाट येतेय म्हणून. त्रिंबकाने पाहिलं. आता सेंटरमध्ये मला भोवळ येते असं बोललं जातंय.

तर दादा, पणजीला आमच्याकडचं कुणी येणार नाही. तुम्ही खानावळीचं जे ठरवायचं ते आमची वाट न बघता ठरवा. वहिनींना नमस्कार.

तुमचा,
मन्मथ

ता. क. – वर लिहिलेलं सगळं खरं आहे, पण ज्यासाठी लिहायला बसलो ते राहिलंच. मला यायचं आहे. एकट्याला, कुणाचीही पिशवी न घेता. अठ्ठेचाळीस वर्षांत मी आपल्या मनाने कुठे गेलेलो नाही, नेहमी कुणाला तरी आणायला गेलो. चौसाळ्यात माणूस दुकान बंद करून निघाला तर त्याच्यापाशी कारण असावं लागतं. तेव्हा तुम्ही मला एक कार्ड टाका, 'मन्मथला आठ दिवस पाठवावे.' कार्डच टाका, पाकीट नको. पोस्टमन म्हाळू कार्ड वाचल्याशिवाय देत नाही, म्हणजे मला कुणाला सांगावं लागणार नाही. आजारपण लिहू नका, खोटं नको. काहीतरी खरं शोधून लिहा.

आणखी एक – पाकीट चिकटवायच्या आधी सौ.ला पत्र वाचून दाखवलं. ता. क. वाचायचं सोडून देणार होतो, पण तिने कागद संपलेला नाही हे पाहिलं. ऐकून घेतलं आणि विचारलं, समुद्रात असं काय असतं? मी तासभर सांगत होतो, दूध उतू गेलं. शेवटी ती म्हणाली, "कार्ड दोघांच्या नावाचं मागा." मग चुलीपाशी सांडलेलं दूध पुसता पुसता हळूच म्हणाली, "तिथं बाईमाणूस नुस्तं बसलं तर कुणी इचारीत न्हाई ना, काहून बसलीस म्हणून?" मी सांगितलं, कुणी विचारत नाही. दादा, कार्ड लवकर टाका.