भरतीचा नवा कागद

शुक्रवार, ऑक्टोबर १९८८. संध्याकाळ.

नव्या माणसाला पहिलं काम सोपं द्यावं, म्हणून आम्ही शिक्षकांनी मिळून लिहिलेल्या, जेटीवर लावायला समुद्राच्या भरतीच्या वेळा छापणाऱ्या कॉम्प्युटर प्रोग्रॅमचा फक्त मथळा सुधारायला दिला. कॉलेजात नुकत्याच आलेल्या जोशीबाईंना. आज हसत म्हणाल्या, "सर, मथळा झाला. आत एक फालतू बेरीज होती, तीही काढली."

फालतू? मोठ्या बंदराच्या वेळेपेक्षा आपल्या खाडीत पाणी उशिरा चढतं, त्या मिनिटांची ती बेरीज! मी आधी का सांगितलं नाही?

धावत जेटीवर गेलो. कागद भिंतीवर लागलेला. राखणदार खूश. "मास्तर, आता लांबून वाचता येतं हो! परगावचा ट्रॉलर मासेमारीला बाहेर गेलाय, कागद बघून ह्याच टायमावर आत येणार."

मथळा खरंच सुरेख आलाय. कागदाप्रमाणे आता पूर्ण भरती आहे. राखणदाराच्या खोलीत बसून हे लिहितोय, खिडकीतून खाडीच्या तोंडाची वाळू अजून उघडी दिसतेय.