तिसऱ्या पानावरची सही

प्रिय प्रश्नपत्रिके,

काल दुपारी तू फोनवर एक साधा प्रश्न विचारलास आणि मी तो टाळला. डोंगरापलीकडच्या दवाखान्याला प्रसूतिगृह मंजूर झालंय, इमारत केंद्राच्या योजनेतून, जागा आपल्या राज्याची, आणि जागेच्या नकाशाच्या एका पानावर जिल्ह्याच्या अधिकाऱ्याची सही राहिली आहे. नियमानं तुझ्या टेबलावरची ही फाइल परत जायला हवी ना, एवढंच तू विचारत होतीस. मी "बघ बाई, नियम तुझ्यापुढेच आहेत" असं पुटपुटलो आणि फोन आईच्या हातात दिला. एकतीस वर्षं सचिवालयात घासलेल्या माणसाला उत्तर येत नव्हतं असं नाही. पण ते दिलं की त्यामागची गोष्टही सांगावी लागेल, आणि ती ऐकून तू माझ्याशी पूर्वीसारखी बोलशील की नाही याची मला भीती वाटते.

तुला आपला जेवतानाचा खेळ आठवतो का? तू काहीही विचारायचीस आणि मी सांगायचो ते कुणाच्या खात्यात येतं. पोस्टमन? केंद्राचा. पोलीस? राज्याचा. शाळा? दोघांची, म्हणून तर छत गळतं. गल्लीतला कचरा नगरपालिकेचा. एकदा तू विचारलंस, भांडणं कुणाच्या खात्यात, तर आई म्हणाली, "ते खातं माझं, आणि इथं अपील नाही." तुला देश असा कप्प्याकप्प्यांचा दिसायचा आणि फार आवडायचा. मलाही आवडायचा. एका ठिकाणी बसून सगळ्यांचं सगळं ठरवायचं नाही, रस्ता ज्याच्या दारावरून जातो त्याच्या जवळच्या माणसानं रस्त्याचं बघायचं, यात शहाणपण आहे असं मला वाटायचं. अजूनही वाटतं.

फक्त दोन कप्प्यांच्या मधल्या फटीत काय होतं, ते मी तुला कधी सांगितलं नाही.

आई नर्स म्हणून ज्या दवाखान्यात जायची, तो रुळांच्या पलीकडे होता. फाटकाशिवायचं ते क्रॉसिंग तुला पुसट आठवत असेल. रूळ केंद्राचे, डांबर राज्याचं. फाटक बसवा म्हणून लोकांनी नऊ वर्षं अर्ज केले. रेल्वे म्हणायची रस्ता तुमचा, आपलं बांधकाम खातं म्हणायचं गाडी तुमची. अशी टोलवाटोलवी चालली असताना एका वर्षी रेल्वेनं खरोखरच मनावर घेतलं. त्यांनी कळवलं, फाटक आम्ही बसवतो, फाटकवाल्याच्या खोलीपुरती जागा आणि राज्याची संमती तेवढी द्या. आई तेव्हा रोज सकाळी लशींची पेटी सायकलला बांधून तिथूनच जायची. एका धुक्याच्या सकाळी गाडी आली. सायकलचं मागचं चाक गेलं आणि आईचा डावा पाय गुडघ्याखाली कायमचा अधू झाला. तू सात वर्षांची होतीस. हॉस्पिटलच्या बाकावर बसून तू मला विचारलंस, "बाबा, हे कुणाचं खातं?" मी म्हणालो, "रेल्वेचं."

मी खोटं बोललो असं कुणी सिद्ध करू शकणार नाही. गाडी रेल्वेचीच होती. पण तू ते उत्तर धरून मोठी झालीस. कॉलेजात तू 'केंद्राची अनास्था' असा निबंध लिहिलास, त्यात आईचा पाय होता. मी तो वाचला, दोन ठिकाणचं शुद्धलेखन सुधारलं आणि परत दिला. राज्यसेवेच्या मुलाखतीतही तू तेच सांगितलंस आणि तुझी निवड झाली. मी पेढ्यांचा पुडा घेऊन ऑफिसभर फिरलो, पण स्वतः एकही पेढा खाल्ला नाही.

ऑफिसात मला 'त्रुटीमहर्षी' म्हणायचे, हे तुला माहीत आहे. माझ्या टेबलावरून अपुरा कागद पुढे सरकत नसे, आणि त्याचा मला केवढा तोरा होता! फाटकाच्या जागेच्या संमतीची फाइल माझ्याच टेबलावर आली होती. नकाशाची तीन पानं. तिसऱ्यावर जिल्ह्याच्या अभियंत्याची सही नव्हती. मी समासात लिहिलं, 'तिसरे पान स्वाक्षरीविना, सबब परत.' अक्षर सुरेख आलं होतं. फाइल जिल्ह्याला गेली, सही होऊन परत यायला सात आठवडे लागले. आईला अपघात झाला तो पाचव्या आठवड्यात. लगेच संमती दिली असती तरी तोवर फाटक उभं राहिलं असतं का, ते मला माहीत नाही. या 'माहीत नाही'च्या आड मी तेवीस वर्षं लपलो. माझ्या उजव्या हाताला फोन होता गं. अभियंत्याला एक फोन केला असता तर तो दुसऱ्या दिवशी एसटीनं येऊन सही करून गेला असता. तसं करू नये असं कुठल्याही नियमात लिहिलेलं नव्हतं.

आईला मी त्याच वर्षी सांगितलं होतं. ती म्हणाली, "पोरीला तुम्हीच सांगायचं. मी सांगणार नाही आणि विसरणारही नाही." काल तुझा फोन ठेवून ती काठी टेकत आली आणि कागद-पेन माझ्यापुढे ठेवून निघून गेली. प्रश्नपत्रिके, ती फाइल परत पाठवू नकोस. फोन उचल, त्या माणसाला बोलावून घे, तुझ्यासमोर सही करू दे. माझ्यावर रागव, हवं तर महिनाभर बोलू नकोस, पण तो फोन आधी कर. या पत्राचीही तीन पानं झाली आहेत. तिन्ही पानांवर मी सही केली आहे.

तुझाच,
बाबा