मुळापासून शिकवताना

३ मार्च, सकाळी ७
लेकीचा न्यूमेरिकल मेथड्सचा, म्हणजे आकडेमोडीने उत्तरं काढायचा, पेपर दुसऱ्यांदा राहिला. आता शेवटची संधी. गेली तर डिग्रीवर पाणी सोडायचं. परीक्षा २८ला. पंचवीस दिवस, म्हणजे भरपूर! बाप बावीस वर्षं कॉलेजात गणित शिकवतोय, क्लास कशाला हवा? मीच शिकवणार. मुळापासून.

५ मार्च
ती म्हणाली, बाबा, आधी एक गणित करून दाखव, कारणं मग सांग. म्हटलं, कृती स्वयंपाकाची असते. कॅल्क्युलेटर काढून घेतला. टेलरच्या प्रमेयापासून सुरुवात. अडीच तासांत एकही शंका नाही! पकड आहे पोरीची.

९ मार्च
आज तीनदा घड्याळ पाहिलं तिने. वेळेचं भान आलंय.

१४ मार्च, संध्याकाळी
मेव्हणी आली. जहाजांच्या कारखान्यात ड्रॉइंग काढते. जहाजाच्या पोटाचं आकारमान म्हणे रोज सिम्प्सनच्या, म्हणजे लेकीच्याच पेपरातल्या, नियमाने काढते. नियम का चालतो, विचारलं. हसून म्हणाली, भाऊजी, ते नाही बाई सांगता यायचं, पण अजून एकही बोट बुडालेली नाही. लेकीला तक्ता आखून दिला. टोकाची मापं एकदा, मधली आळीपाळीने चारदा, दोनदा. वीस मिनिटांत पोरीने दोन गणितं सोडवली. किती दिवसांनी खुदकन हसली.
वरवरचा आनंद. तक्ता मी कपाटात ठेवला.

२१ मार्च
बायको म्हणाली, पोरगी धड जेवत नाहीये. म्हटलं, विषय भिनतोय. न्यूटनची पद्धत उत्तराकडे का सरकते, ती सिद्धता आज पोरीने न अडखळता म्हणून दाखवली. भरून आलं. उद्यापासून गणितं. नक्की.

२७ मार्च
गणितं राहिली. पाया पक्का आहे, तेव्हा काळजी नाही.

२८ मार्च, दुपारी
पेपर कसा गेला, विचारलं. म्हणाली, गेला.

४ मे
नापास.
उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवली.

१९ मे
झेरॉक्स आली. पहिला प्रश्न, न्यूटनच्या पद्धतीने उत्तर काढा. तिने सिद्धता लिहिलीय. चार पानं, एकही चूक नाही. वाक्यंसुद्धा माझीच. परीक्षकाने वर एक तिरकी रेघ ओढलीय. पुढची पानं कोरी.

२० मे
लेक सोमवारपासून मेव्हणीच्या ऑफिसात लागतेय, नकाशे ट्रेस करायला. म्हटलं, मी युनिव्हर्सिटीत कुणाला तरी भेटतो. नको म्हणाली. चिडली नाही. चिडली असती तर बरं वाटलं असतं.
शेवटी विचारलं, प्रश्नात मागितली नव्हती, तरी सिद्धता का लिहीत बसलीस?
म्हणाली, बाबा, तेवढंच येत होतं.