आकडा अक्षरात लिही

आकडा अक्षरात लिहायला तुझ्या हाताला मुंग्या येतात का गं? एवढी शिकलीस, मोठमोठ्या इमारतींचे नकाशे काढतेस, आणि म्हातारीला पत्र पाठवताना ‘नऊ’ ही दोन अक्षरं लिहायचा तुला कंटाळा आला. बारीकसा आकडा टाकलास आणि झालीस मोकळी. त्या आकड्यापायी मी चार दिवस घर डोक्यावर घेतलं, तुझ्या बापाला नाही नाही ते बोलले, आणि गिऱ्हाइकांच्या दोन शर्टांच्या कॉलरी करपवल्या. त्यांची बोलणी मीच खाल्ली, तू नाही.

प्रिय भिंगरी,

तुझं पत्र मिळालं. आजी, राजधानी बघायला ये, मी सगळं ठरवलंय, असं लिहिलंस. सोबत तो लांबलचक कागद. त्याच्या डोक्यावर मुक्काम किती दिवस ते आकड्यात. मी वाचलं, एक दिवस. खाली राजवाडा, संग्रहालय, वाघसिंहांची बाग, नदीतली नाव, घड्याळाचा मनोरा. प्रत्येकाच्या पुढं आकडे घातलेले होते, पण ते मला वाण्याच्या यादीसारखे वाटले. म्हटलं, एवढं सगळं एका दिवसात? ही आजीला फिरवणार आहे की वरातीच्या घोड्यासारखी पळवणार आहे? तुझ्या बापाला म्हटलं, तुझ्या लेकीला आजी एका दिवसापुरतीच हवी, दुसऱ्या दिवशी जड होते. त्या बिचाऱ्यानं कागद मागितला, मी दिला नाही. मला वाचता येतं, हे मी त्याला नेहमी ऐकवत असते, मग कागद कसा देणार?

खालच्या मजल्यावरची मास्तरीण चादरी न्यायला आली, तेव्हा तिच्यापुढंही तेच रडगाणं लावलं. तिनं कागद घेतला, चष्मा वर केला आणि अशी हसली की कवळी हातात धरावी लागली. म्हणाली, आजीबाई, हा एक नाही, नऊ आहे. एकाचं तोंड इकडं, नऊचं तिकडं. आरशापुढं उभं केल्यासारखे दिसतात, पहिलीतली पोरं हमखास चुकतात. मला खरं तर हसू यायला हवं होतं, निदान तिला एखादा टोला तरी हाणायला हवा होता. पण इस्त्री हातात तशीच राहिली आणि मास्तरणीच्या चादरीवर तांबूस त्रिकोण उमटला. तीस वर्षं लाँड्रीत इस्त्री केली, माझ्या हातून एवढा मोठा डाग कधी पडला नव्हता. नाही, एकदा पडला होता. ते पुढं सांगते.

आधी दिवसांचं बोलू. एक दिवस कमी होता म्हणून भांडले, तशी नऊ दिवस जास्त आहेत म्हणूनही भांडते, माझा काय भरवसा! पण तूच सांग, नऊ दिवस काय बघायचं? राजवाडा म्हणजे दुसऱ्याच्या खोल्या. मेलेल्या राजाचा पलंग बघून माझी पाठ दुखायची थांबणार आहे का? संग्रहालयात जुनी भांडी ठेवलेली असतात म्हणे. मला बसवा तिथं, मीही जुनीच आहे. मनोऱ्याला तीनशे पायऱ्या आहेत असं मास्तरणीनं तुझ्याच कागदातून वाचून दाखवलं, आणि वरून सगळं शहर दिसतं. माझे गुडघे वर पोचेपर्यंत शहर झोपायला जाईल. नाव मात्र चालेल, तिथं बसूनच राहायचं असतं. तेव्हा मी ठरवलं, दोन दिवस. मग वाटलं, एवढा प्रवास करून दोनच? चार म्हणू. काल सकाळी पुन्हा वाटलं, येऊच नये. पिशवी भरली, रिकामी केली, परत भरली. तुझा बाप विचारतो, आई, तुझं नक्की काय चाललंय? त्याला काय सांगू!

पण ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? घोडं कुठं पेंड खातंय ते तुलाही माहीत आहे. तुझ्या कागदात पाचव्या आकड्यापुढं काहीच बघायचं नाही. नुसतं लिहिलंयस, ‘मोकळा’. तू आणि मोकळा दिवस? नाव उगाच भिंगरी ठेवलं नाही तुझं. ज्या पोरीला जेवतानासुद्धा एका जागी बसवत नाही, ती अख्खा दिवस मोकळा ठेवते, तेव्हा तो कुणासाठी तरी राखून ठेवलेला असतो. मागच्या खेपेला आलीस, तेव्हा तुझा रुमाल माझ्याकडं इस्त्रीला आला. कोपऱ्यात तीन गाठी होत्या, दोन लाल आणि मधली पिवळी. मी रुमालाची घडी घातली आणि तुझ्या बॅगेत ठेवला, एक शब्द बोलले नाही. तू समजलीस, म्हातारीला दिसत नाही. अगं, मला आकडा दिसत नाही, गाठ दिसते.

लाँड्रीत गिऱ्हाइकाचे कपडे ओळखायला खूण लागते. तुझे आजोबा काउंटरवर बसायचे, पावत्या फाडायचे, नंबर लिहायचे. मी मागं, टेबलापाशी. मला नंबर येत नव्हते, म्हणून मी प्रत्येक घराला रंगीत दोऱ्याच्या गाठी ठरवून दिल्या होत्या. डॉक्टरांचं घर दोन निळ्या, शाळेचे पडदे एक हिरवी, हॉटेलच्या चादरी तीन काळ्या. कधी कुणाचा पायजमा कुणाच्या घरी गेला नाही. दोन लाल आणि मधली पिवळी ही आपल्या घराची खूण. ती दोघींनाच घालता यायची, मला आणि तुझ्या आत्याला. तुझ्या रुमालावर मी ती घातलेली नव्हती.

बघ, आत्या म्हटलं. तेवीस वर्षांनी हा शब्द माझ्या हातून कागदावर उतरला, तो तसाच राहू दे, खोडत नाही.

हे जे मी लिहितेय ना, हे अक्षर तिचंच आहे. ती अठराची होती आणि मी चाळिशीला टेकलेली. मला म्हणाली, आई, तुला अंगठा उठवताना बघून मला लाज वाटते. तोंडाची फटकळ, माझ्यावरच गेलेली. टेबलावर इस्त्रीसाठी जाड काळं कांबळं अंथरलेलं असायचं. त्यावर ती शिंप्याच्या खडूनं अक्षर काढायची, मी त्यावर बोट फिरवायचे, आणि आजोबांची चप्पल वाजली की ती हातानं झटकून टाकायची. वर्षभर चाललं ते. ज्ञपर्यंत पोचलो, जोडाक्षरं झाली, माझं नाव मी स्वतः लिहिलं. आता पुढच्या महिन्यात आकडे, असं ती म्हणाली. तो महिना आलाच नाही. तिला राजधानीत नोकरी लागली. आजोबा म्हणाले, आपल्या घरातली पोर परक्या शहरात एकटी राहणार नाही, आणि राहायचंच असेल तर हा उंबरठा विसरायचा. ती पिशवी घेऊन टेबलापाशी आली, माझ्याकडं बघत उभी राहिली. मी काही बोलले नाही. तोंडानं एवढी तिखट मी, सगळ्या गल्लीला पुरून उरणारी, पण त्या दिवशी माझी वाचा बसली. ती गेल्यावर बघते तर डॉक्टरांच्या पांढऱ्या शर्टावर भलामोठा त्रिकोण. तो पहिला डाग.

दोन वर्षांनी तिचं पत्र आलं. पोस्टमन आपलंच गिऱ्हाईक, त्यानं ते काउंटरवर न देता थेट माझ्या टेबलावर ठेवलं. मी ते धुतलेल्या चादरींच्या मागं उभी राहून वाचलं. कुणाची मदत न घेता वाचलेलं माझं पहिलं पत्र. शब्द न् शब्द कळला मला. तिनं लिहिलं होतं, आई, पुढच्या महिन्यात अमुक तारखेला दुपारच्या गाडीनं येतेय, बाबांना सांगू नकोस, तू एकटी स्टेशनवर ये. तू दिसलीस तर उतरेन. दिसली नाहीस तर समजेन की दार तुझ्याकडूनही बंद आहे, तशीच पुढं जाईन आणि पुन्हा लिहिणार नाही. तारीख तिनं आकड्यात लिहिली होती. मी वाचलं, एक.

एक तारीख मला चांगली ठाऊक होती, त्या दिवशी हॉटेलचे पडदे यायचे. पडदे तसेच टाकले, आजोबांना सांगितलं हात भाजलाय, दवाखान्यात जाते. सकाळपासून फलाटावर उभी. दुपारची गाडी आली, मी पहिल्या डब्यापासून शेवटच्या डब्यापर्यंत एकेक खिडकी बघत गेले. गाडी हलली तरी बघत होते. म्हटलं, चुकली असेल, पुढच्या गाडीनं येईल. पुढची आली, तीही गेली. संध्याकाळी घरी आले, पडद्यांना इस्त्री केली आणि मनातल्या मनात तिला अशा शिव्या दिल्या की लिहिता येत नाहीत. अक्षरं येतात, पण लिहिता येत नाहीत. आईची थट्टा करते, फलाटावर उभी करते! त्या दिवसापासून मी तिचं नाव घेतलं नाही. आजोबा गेले तेव्हा तुझ्या बापानं तिला कळवलं, ती आली नाही. तेव्हाही मी म्हटलं, बघा, मी म्हणत होतेच.

मास्तरीण चादर घेऊन गेली. माझ्या डागाबद्दल काही बोलली नाही, भली बाई. मग मी पत्र्याच्या पेटीतून ते जुनं पत्र काढलं आणि तुझ्या कागदाशेजारी कांबळ्यावर ठेवलं. भिंतीवरचं कॅलेंडरही काढून मधे ठेवलं, आता स्वतःच्या डोळ्यांवर भरवसा उरला नव्हता. दोन्ही आकड्यांचं तोंड एकाच बाजूला होतं. तुझा नऊ, तिचा नऊ. मी आठ दिवस आधी गेले होते गं. आणि नऊ तारखेला, ती खिडकीतून फलाटावर बघत असेल तेव्हा, मी काय करत होते? कुणाच्या उशीच्या खोळींना इस्त्री करत होते, कुणाशी काय बोलत होते? चार दिवस झाले आठवायचा प्रयत्न करतेय. काही आठवत नाही. तो दिवस माझ्यासाठी इतर दिवसांसारखाच गेला.

म्हणून हे पत्र, आणि म्हणून दिवसांचा घोळ. तुझा तो मोकळा दिवस मला नको. बागेतल्या बाकावर मला बसवायचं, समोरून तिला आणायचं आणि आपण झाडामागून बघायचं, असले खेळ करू नकोस. मी फलाटावर एकदा उभी राहिलेय, या वयात पुन्हा नाही राहवणार, आणि तिलाही तसं राहायला लावायचं नाही. हे पत्र तिच्याकडं घेऊन जा. वाचून दाखवू नकोस, तिच्या हातात दे, तिला माझं अक्षर ओळखू येईल. सोबत तिचं जुनं पत्र ठेवलंय, आकड्याखाली मी खडूनं रेघ मारली आहे. माफीबिफी मला मागता येत नाही, तिनंही मला ती शिकवली नव्हती. तिला एवढंच कळू दे की मी आले होते. चुकीच्या दिवशी, पण आले होते. आता राजधानीत किती दिवस राहायचं ते मी ठरवणार नाही, तूही नाही, तिनं ठरवायचं. तिनं एक म्हटलं तर तुझी ती नाव बघेन आणि संध्याकाळच्या गाडीनं परत येईन, कुरकुर करणार नाही. नऊ म्हटलं तर मनोराही चढेन, तीनशेच्या तीनशे पायऱ्या. येऊच नको म्हणाली तर पिशवी रिकामी करेन, ते मला आता सवयीचं झालंय. पण तिच्याकडून शब्द येईपर्यंत माझं तिकीट काढू नकोस.

तुझीच,
करपलेल्या कॉलरींची आजी

उत्तर तू लिहायचं नाहीस, तुझ्या बापानं तर नाहीच नाही. तिनं लिहायचं, स्वतःच्या हातानं, आणि आकडा अक्षरात.