बिऱ्हाड खेडला की चिपळूणला?

रत्नागिरी,
१७ मे

तीर्थरूप आनंदीआत्याच्या चरणांशी, आणि त्यातल्या त्यात डाव्या गुडघ्याशी, भाचा मोरू याचा साष्टांग नमस्कार.

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू हे फोडलंस, यातच मी भरून पावलो. चार वर्षांच्या अबोल्यानंतर लिहितोय, तेव्हा तुला चांगलं 'आपण' म्हणून लिहायचं असं मी ठरवलं होतं. पण 'आपला गुडघा कसा आहे' असं लिहिलं आणि गुडघा आपल्या दोघांच्या सामाईक मालकीचा वाटायला लागला, म्हणून तो कागद फाडला. तर, गुडघा कसा आहे? मोतीबिंदूचं ऑपरेशन छान झालं असं ऐकलं (आमची उर्वी म्हणाली, तिला कुठून कळलं देव जाणे). विहिरीला पाणी टिकून आहे ना? दारातल्या रायवळाला आंबा धरला का? आमच्याकडे यंदा हापूसनं अगदी तोंड फिरवलं. हे सगळं फोनवरच विचारलं असतं, पण तुझा फोन मला लागत नाही. मोबाइलच्या दुकानात दाखवला तर तो पोरगा म्हणाला, काका, समोरच्यानं तुम्हाला ब्लॉक केलंय. आत्या, चौऱ्याहत्तराव्या वर्षी तुला हे शिकवलं कोणी गो? मला अजून येत नाही.

आता मुख्य गोष्ट. आमच्या कंपनीनं मिरजोळ्याचं युनिट गुंडाळून लोट्याला नेलंय. मी पडलो स्टोअरकीपर, त्यामुळे नटबोल्ट, पिंपं आणि मी असे एकदमच निघालो आहोत. एक जूनला हजर व्हायचंय. लोट्याच्या एका अंगाला खेड, दुसऱ्या अंगाला चिपळूण, कंपनीची बस दोन्हीकडे जाते, त्यामुळे साहेब म्हणाले, तुम्हाला हवं तिथे राहा. आत्या, माणसाला छळायचं असेल तर त्याला 'हवं तिथे राहा' असं सांगावं. त्या दिवसापासून घरात खेड आणि चिपळूण याशिवाय तिसरा शब्द नाही. पण खरी गोम त्यात नाहीच. उर्वीची दहावी झाली, जूनमध्ये अकरावी. आमचं भांडण दोन दिवस ऐकून तिनं तिसऱ्या दिवशी अगदी शांतपणे सांगितलं की तुम्ही दोघं कुठेही राहा, माझी सोय मी बघितली आहे. कुठे म्हणून विचारलं तर म्हणे, हॉस्टेलसारखंच आहे. म्हणजे इथेच रत्नागिरीत कुठेतरी, हे आम्ही ओळखलं. आत्या, सोळा वर्षांची आहे गो ती! बारावी झाली की पुण्या-मुंबईला जाणारच, ते मी मनाशी कबूल केलंय. पण मधली ही दोन वर्षं माझी होती. तीही गेली तर मला सहन व्हायचं नाही, सरळच सांगतो. तेव्हा शोध घ्यायचा तो नुसत्या गावाचा नाही, ज्या गावाकडे बघून पोरगी म्हणेल की बाबा, मी पण येते, अशा गावाचा.

पहिली फेरी खेडची. मी खेडच्या बाजूचा. कारणं अशी की खेड कंपनीला जवळ, तिथे रेल्वे स्टेशन आहे, आणि माझी मेव्हणी ऋतिका चिपळूणला राहते, खेडला राहत नाही. (या ओळीवर चहाचा डाग आहे तो मी मुद्दाम पाडलाय. पत्र आधी तेजस्वी वाचणार आहे, आणि ऋतिका पडली तिची सख्खी बहीण. तुला उजेडात धरून दिसेल.) घरमालकानं साडेदहाला बोलावलं होतं. आम्ही दहालाच पोचलो, म्हणून मी म्हटलं, पाच मिनिटं मासळीबाजारात डोकावतो. शाळा, दवाखाने काय, सगळीकडे असतात. गाव पारखायचं तर त्याचा मासा बघावा. तिथे गुणवंतीबाई म्हणून एक मासेवाली बसली होती. तिच्या पाटीतला बांगडा उचलून मी कल्ले उघडून पाहिले. मग दुसऱ्याचे पाहिले. तिसऱ्याला तिनं माझ्या हातावर चापट मारली आणि विचारलं, मासा बघायला आलात की मुलगी बघायला? मी म्हटलं, बाई, आम्ही रत्नागिरीचे, भाट्याच्या खाडीतला मासा आमच्या दारात चालत येतो. ती म्हणाली, मग त्याच्याबरोबर चालत परत जावा. झालं! खेडला येणारा हर्णैचा मासा चांगला की रत्नागिरीचा, यावर बाजार पेटला. दोन रिक्षावाले, एक पोस्टमन आणि एक नवरदेवाचे कपडे घ्यायला आलेलं कुटुंब त्यात पडलं. साडेअकरा कधी वाजले कळलं नाही. शेवटी रत्नागिरीची अब्रू राखण्यासाठी मी दोन डझन बांगडे विकत घेतले, ही चाल आपल्यावरच उलटली हे मला पिशवी हातात आल्यावर समजलं.

घरमालक माळकरी निघाले! पांढरंशुभ्र धोतर, कपाळाला बुक्का, आणि त्यांच्या नुकत्याच पुसलेल्या लादीवर माझ्या पिशवीतून थेंब थेंब. मी पिशवी पाठीमागे धरली तर थेंब पाठीमागे पडायला लागले. तेजस्वी इतकी गोड हसत होती की मला तेव्हाच कळलं, आता ही मला जन्मभर खेड ऐकवणार. तरी गृहस्थ भला, घर दाखवलं. हवेशीर होतं. बाहेरच्या खोलीत एक कॅलेंडर लावलेलं होतं, ते जरा जास्तच उंचावर. उर्वी चित्रं काढते ना, तिनं त्यावरचा देवाचा फोटो नीट बघायला म्हणून कॅलेंडर उचललं, तर मागे भिंतीवर एकवीस सालच्या पुराची रेघ! माझ्या खांद्याला लागत होती. मालक म्हणाले, ती रंगाची रेघ आहे. रंगवणाऱ्यानं शेजारी तारीख कशाला लिहिली असेल, ते काही त्यांना सांगता आलं नाही.

दुसरी फेरी चिपळूणची, ऋतिकाच्या देखरेखीखाली. चिपळूणची तऱ्हाच वेगळी. खेडला रेघ झाकून ठेवतात, चिपळूणला दाखवायला बोलावतात. मालकीणबाईंनी आम्हाला दारातच उभं करून पाच सालची रेघ, एकवीस सालची रेघ आणि मधे कधीतरी उगाच आलेल्या पाण्याची रेघ अशा तिन्ही दाखवल्या, जशी काय नातवंडांची उंची मोजलीय. मग पहिल्या मजल्यावर नेऊन म्हणाल्या, इथे पाणी मुळीच येत नाही, पायऱ्यांशीच थांबतं; त्या वर्षी आम्ही याच गॅलरीतून सरळ होडीत बसलो, जिना उतरायचासुद्धा त्रास नाही! मी विजयी मुद्रेनं तेजस्वीकडे पाहिलं. ऋतिका लगेच फणकारली की मग तिसरा मजला घ्या, आहे माझ्या बिल्डिंगमध्ये, माझ्या बरोबर समोर. तिथे पाण्याची भीती नाही, ऋतिकाची आहे. रोज संध्याकाळी चहाला येईन म्हणाली. उर्वीला विचारलं, बाळ, तुला काय वाटतं? तिनं वही पुढे केली. त्यात गॅलरीतून होडीत उतरणाऱ्या मालकीणबाई होत्या, आणि होडीत मी, मांडीवर बांगड्यांची पिशवी घेऊन बसलेला. हुबेहूब! नाक जरा जास्त काढलंय. पण मत काही दिलं नाही पोरीनं.

परतताना एसटी तुझ्या सावर्ड्याला दहा मिनिटं थांबली. मी उतरलो नाही. आता विषय निघालाच आहे तर लिहून टाकतो. चार वर्षांपूर्वी मी तुझ्या घरी त्या चिपळूणच्या माणसाला घेऊन आलो होतो आणि तुला म्हटलं होतं की हा माझा मित्र. तो मित्र नव्हता, घराचं गिऱ्हाईक होतं, हे त्यानं पडवीची लांबी पावलांनी मोजायला घेतली तेव्हाच तू ओळखलंस. मला वाटत होतं, तू एकटी, गुडघा हा असा, घर विकावं आणि रत्नागिरीला आमच्याजवळ राहावं. तुला काय वाटतं हे विचारायचं तेवढं राहून गेलं. तू त्याला कोकम सरबत दिलंस, पाटावर बसवलंस, आणि मला अंगणातून बाहेर काढलंस. मी सरबताशिवाय गेलो आणि मोठ्या तोऱ्यात म्हणालो की पुन्हा या दारात येणार नाही. असो. एसटीत उर्वी खिडकीतून कोणाला तरी हात करत होती. कोण म्हणून विचारलं तर म्हणाली, रसवंतीवाला. मला तर रसवंती दिसली नाही.

मग कौल लावायचं ठरलं. मी विज्ञानाचा पदवीधर, माझा यावर विश्वास नाही, म्हणून मी बुधवारी एकटाच गुपचूप ग्रामदेवतेला गेलो. बाळा गुरवानं देवीच्या दोन्ही खांद्यांना ओल्या कळ्या लावल्या, गाऱ्हाणं घातलं, की मोरू लेकरू खेडला जाऊ म्हणतंय, होय तर उजवी दे, नाही तर डावी दे. टपकन उजवी पडली! मी हवेत घरी आलो. शनिवारी तेजस्वीला म्हटलं, चल, देवीलाच विचारू. ती लगेच तयार झाली, इथेच मला शंका यायला हवी होती. आम्हा दोघांना एकत्र बघून बाळा गुरव म्हणाला, आता काय आणखी? तुम्हाला बुधवारी खेड दिलं, वहिनींना गुरुवारी चिपळूण दिलं, देवीकडे तिसरं गाव नाही! आत्या, आम्ही दोघं नवराबायको गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी एकमेकांकडे बघत उभे. वीस वर्षांच्या संसारात इतकी लाज वाटली नव्हती. आणि हसूही इतकं आलं नव्हतं.

तरी म्हटलं, आलोच आहोत तर एकत्र विचारू. मग आधी नाव कोणत्या गावाचं घ्यायचं यावरून जुंपली. बाळा गुरवानं कंटाळून चिपळूणचं नाव घेऊन कळ्या लावल्या. पाच मिनिटं झाली, दहा झाली, कळी हलेना. तेजस्वी म्हणाली, पंख्यानं वाळली असेल, पंखा बंद करा. मी म्हटलं, उलट लावा, वाऱ्यानं पडेल. सव्वा तास! उर्वी बाहेर पायरीवर बसून बाळा गुरवाचं चित्र काढत होती. शेवटी त्यानं कळ्या काढून माझ्या हातावर ठेवल्या आणि म्हणाला, देवी म्हणते, यात मला घालू नका. विचारायचं त्या माणसाला विचारत नाही आणि सगळ्या दुनियेला विचारत फिरता. आम्ही धावत पायरीशी गेलो आणि उर्वीला विचारलं. ती म्हणाली, बाबा, मला नव्हे. आणि वहीत घालून ठेवलेलं तिकीट लावलेलं पाकीट तिनं माझ्या हातात दिलं.

तेव्हा आत्या, तुझ्या माहितीसाठी कळवतो की आम्ही चिपळूण पक्कं केलं आहे. तिसरा मजला, ऋतिकाच्या समोर. रविवारी किल्ली घेणार. गुडघ्याला तीळतेल लाव, ऑपरेशनच्या डोळ्याला धूर लावून घेऊ नकोस. सगळ्यांना, म्हणजे मांजरांना, आशीर्वाद सांग.

तुझ्या अंगणाबाहेरचा,
मोरू

ता. क. चिपळूण पक्कं केलेलं नाही. तसं लिहिलं की तुला जरा वाईट वाटेल असं वाटलं. कंपनीची बस सावर्ड्यापर्यंत येते, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे आणि मी घरात कोणाला सांगितलं नव्हतं. तुझ्या माडीवरच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत का? आम्ही भाडं देऊ. (भाड्याचं नाव काढलं म्हणून पत्र फाडू नकोस, पुढे आहे अजून.) ते गिऱ्हाईक आणलं ते चुकलं माझं, आत्या. तुझी काळजी होती हे खरं, पण ती तुला विचारून करायची असते, हे मला आता एक पोरगी हातातून निसटायला लागल्यावर कळलं.

ता. क. २. पत्र टपालात टाक म्हणून उर्वीकडे दिलं तर म्हणाली, बाबा, टपालानं कशाला, मी उद्या जातेच आहे, हातात देईन. जातेच आहे म्हणजे? तेव्हा पोरीनं सगळं ओकलं. गेली दोन वर्षं मैत्रिणीकडे म्हणून निघायची ती सावर्ड्याची एसटी धरायची! मोतीबिंदूच्या वेळी तुझ्या डोळ्यांत थेंब घालायला तीच होती. मला ब्लॉक करायला तुला तिनंच शिकवलं. तिथल्या चित्रकलेच्या कॉलेजचा फॉर्म तिनं भरून ठेवलाय आणि त्यावर स्थानिक पालक म्हणून तुझी सही आहे, आणि माडीवरची पूर्वेची खोली तिला एप्रिलमध्येच मिळाली आहे. हॉस्टेलसारखंच म्हणे! तेजस्वी तासभर रडली, मग हसली, आणि आता तिच्या दोन पातेल्यांना तुझ्या फळीवर जागा होईल का ते विचारायला सांगतेय.

ता. क. ३. उर्वीची सोय झाली. तिच्या आईला तू नाही म्हणणार नाहीस, तुमचं कधी बिनसलंच नव्हतं. राहिलो मी. उर्वीला म्हटलं, तूच माझ्या वतीनं बोल ना आत्याआजीशी. तर ती म्हणते, मी सगळं केलंय बाबा, एवढं तुमचं तुम्ही करा. म्हणून करतो.

आत्या, येऊ का?