लेकीच्या कंपनीचे शेअर

मंगळवार, संध्याकाळ. उदगीर.

आज सुजाताच्या कंपनीचे शेअर विकले. घाई केली का मी?

लेक बेंगळुरूला इंटरनेटचे राऊटर बनवणाऱ्या कंपनीत लागली, तेव्हा हौसेनं घेतले होते. रोज सकाळी मोबाईलवर भाव बघायचो. वर गेला की वाटायचं, पोरगी मजेत हाय.

दुपारी लातूरहून ब्रोकर इरफानभाईंचा फोन आला. "सर, दुसऱ्या कंपनीनं राऊटरचा भाव पाडून मोठी ऑर्डर नेली. आता ह्यांनाबी पाडावा लागंल. ऑर्डरी मिळतील, पण नफा न्हाई उरायचा. शेअर विकून निघा."

पटलं. तरी मन होईना. आधी सुजाताला फोन करून विचारलं.

"पप्पा, ती कंपनी मी दिवाळीतच सोडली. सांगायचं राहून गेलं."

दिवाळीत! मग इतके महिने रोज सकाळी मी कुणाची खुशाली बघत होतो?

इरफानभाईंना विका म्हणून सांगितलं. नव्या कंपनीचं नाव मात्र मघाशी फोनवर तिला विचारलंच नव्हतं. "कधी येतीस?" एवढंच विचारलं होतं.

ती म्हणाली, "सुट्टी नाही, पप्पा. तुम्हीच या ना इकडं. खरंच या."

मी "बघू" म्हणालो. बघू कशाला म्हणालो?