अकीकाचा खल आणि दुसरे नाव

मी, खाली सही करणारी, वय वर्षे अडुसष्ट, रसायनशास्त्राची निवृत्त प्राध्यापिका, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि कोणाच्याही दबावाखाली न येता लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. हृदय तेवढे कुरकुरते, पण सही त्याला करायची नाही. याआधी केलेली दोन्ही मृत्युपत्रे मी फाडली आहेत. त्यांत धाकट्या बहिणीला काहीच ठेवले नव्हते.

एक. राहते घर भाचीला, म्हणजे धाकटीच्या मुलीला. मला मूल नाही. भाची स्वभावाने माझ्यावर गेली आहे आणि ते तिच्या आईला खुपते, म्हणूनही घर तिलाच. स्वयंपाकघरातला नळ उलटा फिरतो. तो बदलू नये.

दोन. बँकेत असेल ते, ज्या कॉलेजात मी अठरा वर्षे शिकवले तिथल्या प्रयोगशाळेला. त्यातून एक भट्टी घ्यावी, तापमान खरे दाखवणारी. उद्घाटन वगैरे करू नये.

तीन. माझा जुना चष्मा संशोधन संस्थेच्या माजी प्रमुखांना द्यावा. धाकटीच्या शोधनिबंधावर तिच्याखाली त्यांचे नाव होते आणि माझे शेवटी, आभारात, टंकलेखकाच्या शेजारी. त्यांना मी तेव्हा दिसले नव्हते.

चार. आता मुख्य गोष्ट. कपाटात वरच्या फळीवर, टॉवेलात गुंडाळलेला एक खल आहे. अकीक या कठीण दगडाचा, वाटीएवढा, तळाशी केसासारखी चीर असलेला. तो कोणाला द्यायचा ते पुढे लिहिते. आधी त्याची हकिकत.

सव्वीस वर्षांपूर्वी आम्ही दोघी त्या संशोधन संस्थेच्या एकाच प्रयोगशाळेत होतो. धाकटीला तिथे मीच चिकटवले होते. बॅटरीत द्रवाऐवजी घालता येईल, पेट घेणार नाही, असा घन पदार्थ आम्ही शोधत होतो. भुकट्या घोटायच्या, वड्या दाबायच्या, भट्टीत भाजायच्या आणि त्यांतून आयन, म्हणजे विद्युतभारित कण, किती झरझर जातात ते काट्यावर मोजायचे. माझा नियम भिंतीवर लिहिलेला होता: दुसऱ्याच्या खलाला हात लावायचा नाही. एकाची भुकटी दुसऱ्याच्यात गेली की मोजमापाला अर्थ राहत नाही.

एके दिवशी धाकटी धावत आली. "ताई, बघ ना, काटा थांबतच नाहीये!"

"वायर ढिली असेल," मी म्हणाले.

वायर ढिली नव्हती. आठ महिने मी त्या पदार्थामागे होते आणि तो तिच्या हाताला लागला. लहानपणीही असेच. बाहुली माझी, शाईचे पेन माझे, आणि आई म्हणायची, "दे गं तिला, लहान आहे ती." निबंध छापून आला तेव्हा आईचा फोन आला, "धाकटीने नाव काढलं हो!" "हो, माझंच काढलं, यादीतून," असे म्हणून मी फोन ठेवला. महिन्याभरात मी नोकरी सोडली आणि माझा खल घेऊन निघून आले.

पाच. त्यानंतर तिला तो पदार्थ पुन्हा साधला नाही. कोणालाच साधला नाही. लोक आधी कुजबुजले, मग तोंडावर म्हणाले की बाईंनी आकडे रंगवले. तिचे संशोधन बंद पडले. मला बरे वाटले. मृत्युपत्रात खोटे लिहायचे नाही म्हणून हे लिहिते.

कॉलेजात एकदा खल घासताना चिरेत पांढरी भुकटी दिसली. खरवडून तपासली. तिची होती. म्हणजे मी जेवायला गेले की ती माझ्याच खलात घोटत असणार, कारण तिचा खडबडीत होता. मी रागावेन म्हणून तिने ते वहीत कधी लिहिले नाही. त्या चिरेत माझे जस्ताचे संयुग रोज बसत होते आणि त्याची चिमूट तिच्या भुकटीत जात होती. मी तीच चिमूट मुद्दाम घालून वडी भाजली. काटा थांबेना. ते सगळे माझ्या हिरव्या वहीत उतरवले. तिचे आकडे खरे होते. हे मला एकोणीस वर्षे माहीत आहे.

गेल्या महिन्यात ती मला बघायला आली होती. उठता उठता म्हणाली, "ताई, मी खरंच काही खोटं केलं होतं का गं? आता मलाच वाटायला लागलंय."

"चहा गार होतोय," मी म्हणाले.

सहा. <s>माझ्या मृत्यूनंतर</s> तो खल आणि हिरवी वही, पान एक्केचाळीस, धाकटीला द्यावे. जिवंतपणी सांगत नाही, कारण ती ताबडतोब माफ करील आणि तेही मला तिच्याकडून घ्यावे लागेल. अट एकच. नवा निबंध छापला जाईल तेव्हा पहिले नाव तिचे, दुसरे माझे. प्रमुखांचे घालायचेच असेल तर आमच्याखाली.

दुरुस्ती. साक्षीदार डॉक्टरांना फक्त सही करायची होती, पण त्यांनी सगळे वाचले. चष्मा काढून म्हणाले, "बाई, हे तुम्ही गेल्यावर?"

"किती वर्षं देताय मला?"

"पथ्य पाळलंत तर दहा."

"दहा वर्षं ती स्वतःला खोटी समजत बसणार?"

"ते मला काय विचारता?" म्हणून त्यांनी पेन माझ्यापुढे सरकवले.

सबब कलम सहामधले पहिले दोन शब्द मी स्वतः खोडले आहेत व शेजारी सही केली आहे. त्याच कलमातले "जिवंतपणी सांगत नाही" हे वाक्य आता खरे नाही. ते न खोडता राहू द्यावे, तिला वाचू दे. धाकटीला फोन केला आहे. चारला येते म्हणाली. खल टेबलावर काढून ठेवला आहे, धुतलेला नाही. दुसऱ्या नावाची अट कायम आहे.

साक्षीदार:
१. आमचे डॉक्टर (सही)
२. तळमजल्यावरच्या शिंपीणबाई (सही, मजकूर वाचला नाही, पण सगळे ऐकले)

लिहून देणार: धाकटीची ताई (सही)
स्थळ: माझे घर, जेवणाचे टेबल
तारीख: अकरा मार्च, दुपारी एक